शाळेतल्या बाईंना किंवा सरांना गाठून स्वतःबद्दल विचारायचं असेल तर

सुरुवात बाईंपासून नको, शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून करा. त्यावर रजिस्टर क्रमांक, प्रवेशाची तारीख, आधीची शाळा, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचं कारण असतं. ‘आपण ठाण्यात नेमके कधी आलो’ या घरातल्या वादाचा निकाल बऱ्याचदा प्रवेशाच्या तारखेवरच लागतो. दाखला हरवला असेल तर शाळेत अर्ज करा. हजेरीपट काही वर्षांनी नष्ट करतात, पण प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रवेशाची नोंद असलेलं जनरल रजिस्टर कायम जपून ठेवावं लागतं.

शाळा कुणाच्या अखत्यारीत होती हेही बघा. आताच्या नवी मुंबईतल्या घणसोली, कोपरखैरणे भागातल्या जुन्या शाळा आधी जिल्हा परिषदेच्या होत्या. नवी मुंबई महापालिका 1992 ची. खारघर, कामोठे तर रायगड जिल्ह्यात, आणि पनवेल महापालिका झाली 2016 मध्ये. चुकीच्या कार्यालयात गेलात तर ‘आमच्याकडे नाही’ एवढंच ऐकून परत याल.

शाळेत मुख्याध्यापकांपेक्षा जुना शिपाई किंवा लिपिक जास्त कामाचा. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत आणि जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आठवड्यात जाऊ नका. बाईंचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही आडनावं विचारा. लग्नानंतर नाव बदललं म्हणून शोध थांबल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. तुमचंही आडनाव बदललं असेल तर शाळेतलं सांगा. फोन नंबर शाळा देणार नाही, आणि देऊही नये. माहिती अधिकारात अर्ज करून उपयोग नाही, तो वैयक्तिक तपशील ठरतो. त्याऐवजी चिठ्ठी ठेवा आणि ‘एवढी पोचवाल का?’ म्हणा. निवृत्त शिक्षकांचा एकमेकांशी संपर्क असतो, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी गाठीभेटीही होतात.

चिठ्ठी पाच-सहा ओळींची, ठळक अक्षरात. अशी:

‘बाई, सा. न. मी 1994 ते 96 तुमच्या वर्गात होते, पाचवी-सहावी, ब तुकडी. खिडकीजवळचा दुसरा बाक. धाकटा भाऊ तिसरीत होता. त्या वर्षांतल्या दोन-तीन गोष्टींबद्दल विचारायचं आहे. आठवत नसेल तरी भेटायला आवडेल. सकाळी अकरानंतर फोन केला तर चालेल का?’

नुसतं ‘ओळखलं का?’ लिहू नका. वर्गात साठ मुलं आणि नोकरी तीस वर्षांची, तर नावावरून चेहरा आठवणं अवघडच. भावंडं, बाक, बसमधून एकत्र येणाऱ्या मैत्रिणी, स्नेहसंमेलनातलं काम, यांवरून आठवतं. वर्गाचा फोटो मोठा छापून न्या. मोबाइलवर दाखवलात तर बाईंचा वेळ चष्मा शोधण्यात आणि बोटांनी चित्र मोठं करण्यातच जाईल.

भेट तासाभराची ठेवा, दुपारी एक ते चार टाळून. ‘मी कशी होते?’ असं विचारलंत तर ‘हुशार होतीस हो’ हेच उत्तर येणार. प्रत्येकाला तेच मिळतं. ‘सहावीत मी मध्येच गप्प गप्प राहायला लागले का?’, ‘पालकसभेला कोण यायचं?’, ‘डबा खायचे की परत न्यायचे?’ असं छोटं विचारा. पण उत्तर प्रश्नातच घालू नका. ‘बाबा तेव्हा घरी नव्हते ना?’ म्हटलं की बाई भिडेखातर हो म्हणतात, आणि तुम्ही तो पुरावा समजता. घरातलं दुखरं पहिल्या भेटीत काढू नका. मार खाल्लेला असेल तर त्याचा हिशेब चुकता करायची ही जागा नाही. तसं केलंत तर बाई बचावावर येतात आणि बाकीचं सगळं तिथेच मिटतं. रेकॉर्डिंग आधी विचारूनच.

त्याच रात्री लिहून काढा: बाईंनी स्वतः पाहिलेलं वेगळं, कुणाकडून ऐकलेलं वेगळं, अंदाज वेगळा. साल आणि तारखा दाखल्याशी ताडून बघा. सर्रास होणारी चूक म्हणजे थोरल्या बहिणीची आठवण तुमच्या नावावर लागणं. दोघींचं आडनाव एक, दप्तरही तेच फिरलेलं. शंका आली तर दुसऱ्या शिक्षकांना विचारा, पण ‘बाई असं म्हणाल्या’ हे आधी सांगू नका.