जुनी बुलेट घेतली? मॅन्युअल निवडताना या चुका टाळा

टाकीवर ‘बुलेट ३५०’ लिहिलेलं असलं, तरी आत कोणतं इंजिन आहे हे त्यावरून कळत नाही. माझ्या मामेभावाने जुनी बुलेट घेतली आणि त्याच दिवशी मॅन्युअलची झेरॉक्सही आणली. टॅपेट (म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट) सेट करायला बसलो, तर पुस्तकात तो धडाच नव्हता. गाडी जुन्या कास्ट आयर्न इंजिनची होती आणि पुस्तक नंतरच्या यूसीईचं, म्हणजे युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनचं! पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच: नाव बघून मॅन्युअल घेणं.

कास्ट आयर्न बुलेटमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे असतात. त्यामुळे ऑइलही तीन ठिकाणी वेगवेगळं भरावं लागतं: इंजिनात, क्लचच्या बाजूच्या प्रायमरी केसमध्ये आणि गिअरबॉक्समध्ये. टॅपेट हाताने सेट करायचे. इंजिन थंड असावं, पिस्टन कॉम्प्रेशनला वर असावा. पुशरॉड (व्हॉल्व्हपर्यंत ढकल पोचवणारी दांडी) बोटांनी फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. २००८-०९पासून आलेल्या यूसीईमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये आहेत, ऑइल एकच आणि टॅपेट हायड्रॉलिक. तिथे सेट करायला काही नाहीच. मधल्या काळात मॅचिस्मो आणि पहिल्या थंडरबर्ड या मॉडेलमध्ये एव्हीएल नावाचं इंजिन होतं, आणि २०२३च्या बुलेटपासून जे-सिरीज इंजिन आहे. म्हणून आधी इंजिन ओळखा, मगच पुस्तक शोधा.

आरसीवरच्या वर्षावर विसंबू नका. जुन्या बुलेटची इंजिनं सर्रास बदललेली असतात. केसवरचा इंजिन नंबर कापडाने स्वच्छ पुसून आरसीशी ताडून बघा. जुळत नसेल तर मॅन्युअलचा प्रश्न नंतर, आधी कागदपत्रांचा सोडवा. शिवाय ठिणगीसाठीच्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक सीडीआय, मूळच्या जागी दुसरा कार्बोरेटर असे बदलही आधीच्या मालकाने केलेले असतात. तेवढ्या भागापुरती मॅन्युअलमधली मापं धरू नका.

ऑइल लेव्हलने तर भल्याभल्यांना फसवलंय. कास्ट आयर्न बुलेट बरेच दिवस उभी राहिली की ऑइलच्या टाकीतलं ऑइल खाली इंजिनात झिरपतं आणि मोजायच्या काडीवर (डिपस्टिकवर) कमी दिसतं. वरून ओतलं की ते जास्त होतं आणि गाडी चालू केल्यावर ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून) बाहेर येतं. लोकांना वाटतं पिस्टनच्या रिंग गेल्या. आधी इंजिन थोडा वेळ चालवा, मग काडी बघा. यूसीईत काडी शोधूच नका, तिथे उजव्या बाजूला काचेची खिडकी आहे.

गाडीसोबत मिळतं ते ओनर्स मॅन्युअल. त्यात हवा, ऑइल, चेन एवढंच. पार्ट्स कॅटलॉगमध्ये सुटे भाग कसे जुळतात त्याची चित्रं असतात, पण बोल्ट किती आवळायचा ते नसतं. इंजिन उघडायचं तर सर्व्हिस मॅन्युअलच हवं. मी कॅटलॉगही सोबत ठेवतो, कारण एखादा वॉशर उरला की तो कुठला ते त्यातच सापडतं.

टॉर्कचं, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्या मापाचं, एकक बघितल्याशिवाय पाना लावू नका. २.५ किलोग्रॅम-मीटर म्हणजे साधारण २४.५ न्यूटन-मीटर किंवा १८ फूट-पाउंड. परदेशी आवृत्तीतला १८चा आकडा न्यूटन-मीटर समजून आवळलात तर बोल्ट सैल राहील. उलट फूट-पाउंड समजून न्यूटन-मीटरचा आकडा लावलात तर ॲल्युमिनियममधले आटे जातील, आणि ते परत पाडणं खर्चिक आहे. इंग्लंडच्या रेडिचमधल्या कारखान्याची जुनी पुस्तकं वाचायला सुंदर आहेत, पण इथे १९५५पासून मद्रासला बनलेल्या बुलेटमध्ये पुढे पुष्कळ बदल झाले, म्हणून त्यातली मापं डोळे झाकून घेऊ नका.

पैसे देण्याआधी पीडीएफ किंवा झेरॉक्सची दोन पानं नक्की उघडा: ऑइलचं पान आणि वायरिंग डायग्राम. ऑइलच्या जागा तुमच्या गाडीशी जुळल्या आणि वायरांचे रंग वाचता आले तर घ्या. झेरॉक्समध्ये रंग जातात, म्हणून वायरिंगचं पान ए-थ्री आकारात रंगीत काढून घ्या आणि लॅमिनेट करून गॅरेजच्या भिंतीवर लावा.