इंग्लंडमधल्या बाजारगावाचा लेख मराठीत कसा सुधारावा

पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी सगळी नोकरी उदगीर आणि देवणी तालुक्यांत झाली. हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात उभं राहून किती बैलांचे दात पाहिले त्याची गणती नाही. निवृत्त झाल्यावर मराठी विकिपीडियावर लिहू लागलो, आणि ज्या लेखाला सगळ्यात जास्त दिवस दिले ते गाव आहे इंग्लंडच्या लेस्टरशर परगण्यातलं मेल्टन मोब्रे. तिथंही जनावरांचा बाजार आहे, दर मंगळवारी भरतो, आणि बाजाराची नोंद १०८६ सालची आहे. तो लेख करताना जे शिकलो ते इथं सांगतो. लडलो, स्किप्टन, कुठलंही बाजारगाव घ्या, रीत हीच.

आधी काही टाइप करू नका. असलेला लेख मोठ्यानं वाचा. अशा लेखांत बहुधा चार वाक्यं असतात: अमुक परगण्यात आहे, नदी आहे, जुनं चर्च आहे, लोकसंख्या इतकी. यातलं नाव पुसून दुसऱ्या गावाचं घातलं तरी लेख तसाच राहतो. म्हणून कागद घ्या आणि तीन प्रश्न लिहा. बाजार कोणाच्या हक्कानं भरायचा? कोणत्या वारी? काय विकायला यायचं? मी तर म्हणेन, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत बाकी लेखाला हात लावू नका.

कारण इंग्लंडमधलं बाजारगाव म्हणजे नुसतं दुकानं असलेलं मोठं गाव नव्हे. मध्ययुगात तिथं बाजार भरवणं हा हक्क होता. राजा तो सनद देऊन एखाद्या जमीनदाराला, मठाला किंवा गावाला बहाल करायचा, नाहीतर तो फार जुन्या वहिवाटीनं चालत आलेला असायचा. हक्क ज्याच्याकडे, बाजाराचं उत्पन्न त्याच्याकडे. त्यामुळे शेजारी नवा बाजार उभा राहिला की तंटा व्हायचा. तेराव्या शतकातला कायदेपंडित ब्रॅक्टन यानं यावर हिशेब मांडून ठेवलाय: माणूस दिवसाला २० मैल चालतो, त्याचे तीन भाग करा. एक भाग जायला, एक सौद्याला, एक परत यायला. म्हणून सहा पूर्णांक दोन-तृतीयांश मैलांच्या आत, म्हणजे साधारण पावणेअकरा किलोमीटरच्या आत, दुसरा बाजार नको. हे वाचलं त्या दिवशी मला आमच्याकडचे बैलगाडीवाले आठवले. पहाटे निघून, सौदा करून, दिवेलागणीला घरी पोचणारे. इतकं लांबचं गाव एकदम ओळखीचं झालं.

आणखी एक फरक नीट ठेवा. तिकडच्या सनदांत आठवड्याचा बाजार आणि वर्षातून एकदा, बहुतेक एखाद्या संताच्या दिवसाला धरून भरणारी जत्रा, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. भाषांतराचं यंत्र दोन्हीला ‘मेळा’ म्हणून मोकळं होतं. आपल्या वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही, फक्त शब्द बरोबर हवेत. हाळीचा आठवडी बाजार वेगळा आणि माळेगावची खंडोबाची यात्रा वेगळी, हे इथलं पोरसुद्धा सांगेल. म्हणून एकाला ‘आठवडी बाजार’ लिहा, दुसऱ्याला ‘वार्षिक जत्रा’.

पण हाळी आणि माळेगाव लेखात घालू नका. मला हा मोह फार झाला होता. एक अख्खा परिच्छेद लिहिला होता, देवणी बैल आणि मेल्टनचा बाजार यांच्या तुलनेचा. तो काढावा लागला, आणि काढला तेच बरोबर होतं. ती तुलना माझी आहे, कुठल्या छापील संदर्भात नाही, आणि विकिपीडियावर स्वतःचं संशोधन चालत नाही. तुलना तुमच्या डोक्यात राहू द्या, ती योग्य शब्द निवडायला मदत करते. लेखात मात्र मेल्टनचंच मेल्टन राहिलं पाहिजे.

आता संदर्भ. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या हेड्यानं, म्हणजे जनावरांच्या दलालानं, मला बजावलं होतं, “डाक्टरसाब, मालक सांगंल ते वय लिहू नका. तोंड उघडा, दात बगा.” इंग्रजी विकिपीडियावरचं वाक्य म्हणजे मालकानं सांगितलेलं वय. ते उचलून ‘संदर्भ: इंग्रजी विकिपीडिया’ असं लिहिता येत नाही. त्या वाक्याखाली कोणता संदर्भ दिलाय तो उघडा, त्यात ती गोष्ट खरंच आहे का बघा, मगच घ्या. (सरळ भाषांतर करत असाल तर ते करायला मुभा आहे, पण संपादन सारांशात, म्हणजे जतन करताना काय बदललं ते लिहायच्या ओळीत, मूळ लेखाचं नाव नोंदवायलाच हवं.)

बाजारगावांसाठी तीन ठिकाणं मला फार उपयोगी पडली. पहिलं डूम्सडे बुक, विजेता विल्यम राजानं करवून घेतलेली १०८६ ची जमीन-महसुलाची पाहणी. त्यात बाजारांची नोंद फार थोड्या ठिकाणी आहे, आणि मेल्टन त्यांतलं एक. या नोंदीवरून ‘बाजार १०८६ मध्ये सुरू झाला’ असं लिहू नका. ‘१०८६ मध्ये बाजाराची नोंद आहे’ एवढंच लिहा. नोंद झाली तेव्हा बाजार भरतच होता. दुसरं, १५१६ पर्यंतच्या बाजार-जत्रांची सूची. इंग्लंड आणि वेल्समधल्या एकेका गावाची सनद कोणत्या राजाची, वार कोणता, हे तिथं सापडतं. तिसरं, १८९९ मध्ये सुरू झालेली परगणावार इतिहासाची व्हिक्टोरिया मालिका. तिचे बरेच खंड इंटरनेटवर वाचता येतात.

लोकसंख्येत माझ्याकडून चूक झाली होती, तुम्ही ती टाळा. मेल्टन नावाचा बरो, म्हणजे स्थानिक कारभाराचा विभाग, वेगळा आणि मेल्टन मोब्रे हे शहर वेगळं. बरोची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास, शहराची साधारण तिच्या निम्मी. मी बरोचा आकडा शहराला लावला होता. उदगीर तालुक्याचा आकडा उदगीर शहराला लावावा तसं झालं. चर्चा पानावर एकानं दाखवून दिलं, तेव्हा दुरुस्त केलं. आकड्यासोबत जनगणनेचं साल लिहाच. तिकडची ताजी जनगणना मार्च २०२१ ची आहे.

ऐकीव गोष्टींचं काय करायचं? मेल्टनची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. एप्रिल १८३७ मध्ये वॉटरफर्डचा मार्क्विस आणि त्याचे मित्र घोड्यांच्या शर्यतीहून परतताना दारू पिऊन गावात आले आणि लाल रंगानं दारं, पाट्या रंगवत सुटले. पुढे खटला होऊन प्रत्येकी १०० पौंड दंड झाला. धिंगाण्याला इंग्रजीत ‘गाव लाल रंगवणे’ म्हणतात तो वाक्प्रचार इथूनच आला, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. पण हा वाक्प्रचार छापलेला सापडतो तो १८८० च्या दशकात, तोही अमेरिकेत. म्हणून दोन वाक्यं करा. घटना ‘घडली’ असं लिहा, वाक्प्रचाराबद्दल ‘असे मानले जाते, मात्र’ असं लिहा. गोष्ट सुंदर आहे, गाळू नका. फक्त तिला तिच्या जागी बसवा.

खाण्यापिण्याचा भाग पर्यटनाच्या जाहिरातीसारखा होतो, तिथं कारणं शोधा. मेल्टनची पोर्क पाय म्हणजे डुकराचं मांस कणकेच्या जाड आवरणात भरून भाजलेला पदार्थ (‘पाय’ हा इथं इंग्रजी शब्द, आपला पाय नव्हे). या भागात स्टिल्टन चीज होतं. चीज केल्यावर निवळ उरते. ती डुकरांना घातली जायची. डुकरं वाढली, मांस आलं, पाय आली, आणि कोल्ह्यांच्या शिकारीला येणाऱ्या श्रीमंत मंडळींनी ती खिशात घालून नेली, तिचं नाव पसरलं. दूध, निवळ, डुक्कर, पाय अशी साखळी लिहिली की चार सुटी वाक्यं एक परिच्छेद होतात. पाय भाजताना साच्याचा आधार नसतो म्हणून तिच्या कडा फुगतात, आणि मांस मीठ मुरवलेलं नसल्यामुळे आत करडं दिसतं. या दोन खुणा सांगाव्यात. तिला भौगोलिक नावाचं संरक्षण आहे, जसं आपल्याकडे जालन्याच्या मोसंबीला आहे (हेही फक्त तुमच्या समजुतीसाठी). आणि स्टिल्टन चीज डर्बीशर, लेस्टरशर, नॉटिंगहॅमशर या तीनच परगण्यांत करता येतं. ज्या स्टिल्टन गावाचं नाव त्याला आहे, ते गाव केंब्रिजशरमध्ये असल्यामुळे तिथं करता येत नाही.

नावं लिहिताना अक्षरांवर जाऊ नका, उच्चार ऐका. लेस्टर, ‘लिसेस्टर’ नव्हे. शेजारच्या खोऱ्याचं नाव बीव्हर, ‘बेल्व्हॉइर’ नव्हे. नदी रीक, तिलाच मेल्टनच्या वरच्या अंगाला आय म्हणतात. चुकीच्या पण रूढ रूपांवरून पुनर्निर्देशन ठेवा, म्हणजे ‘मॉब्रे’ शोधणाराही पोचेल. लेखाची भाषा लेखी ठेवा: ‘गावाचे’, ‘भरतो’. मी इथं बोलतोय तशी नको. मैलांचे किलोमीटर करा.

हे सगळं आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या कच्च्या लिखाणाच्या पानावर, करा. माहितीचौकट (लेखाच्या बाजूचा माहितीचा तक्ता), वर्ग, विकिडेटाचा दुवा (इतर भाषांतल्या त्याच लेखांशी जोडणी) ही कामं तासाभरात होतात. अडलं तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर, विचारा, लोक उत्तर देतात. मग लेखात एकेक विभाग टाका, सगळं एकदम नको, म्हणजे कोणाला एखादं वाक्य पटलं नाही तर तेवढंच मागं घेता येतं. हाळीच्या बाजारातून पावतीशिवाय बैल फाटकाबाहेर जाऊ देत नाहीत. जतन करायच्या आधी मी शेवटची नजर तशीच फिरवतो: कुठल्या वाक्याला पावती नाही? जिथं नाही ते वाक्य परत धूळपाटीवर नेतो. माझ्याकडे अशी सात वाक्यं अजून बांधून ठेवलेली आहेत. त्यांतली तीन मेल्टनमधल्या लष्करी जनावरांच्या प्रशिक्षण केंद्राबद्दल आहेत, आणि आयुष्य जनावरांत गेलेल्या माणसाला ती लेखात जावीत असं मनापासून वाटतं. त्यांचे संदर्भ मी शोधतो आहे.