पहिलं धनुष्य घेताय? आधी पाउंड बघा, बाकीचं नंतर

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाले, ओजसने तर फायनलला १५० पैकी १५० मारले, आणि तेव्हापासून मला ओळखीतल्या निम्म्या लोकांनी एकच प्रश्न विचारलाय, की ताई पोरीला किंवा पोराला धनुष्य घ्यायचंय, कुठलं घेऊ. काहींना तर स्वतःसाठीच हवं असतं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

सगळ्यात आधी प्रकार. स्पर्धेत आपल्याकडे तीन चालतात. इंडियन राउंड म्हणजे लाकडी किंवा बांबूचं साधं धनुष्य, ३० आणि ५० मीटर. रिकर्व्ह म्हणजे ऑलिम्पिकवालं, टोकं पुढे वळलेली, मोठ्यांना ७० मीटर. फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला हेच घेऊन खेळला. आणि कंपाऊंड, ज्याला दोन्ही टोकांना चाकं असतात, अंतर ५० मीटर, अदिती ओजस याच्यातले. पूर्ण ओढल्यावर चाकांमुळे धरून ठेवायचं वजन खूप हलकं होतं म्हणून नवख्याला ते सोपं वाटतं, पण महाग पडतं आणि त्याचं सेटिंग घरी होत नाही, प्रेस म्हणजे धनुष्य दाबून धरणारं यंत्र लागतं. मी खाली जे लिहितेय ते रिकर्व्हबद्दल आहे कारण शिकायला मी त्याचाच आग्रह धरते, तिथे शरीर शिकतं.

शिकारीबद्दल पण विचारतात, परदेशातले व्हिडिओ बघून. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि नुसता प्रयत्न केला तरी कायद्याने ती शिकारच धरतात. त्यामुळे शिकारीच्या बाणांची ती रुंद पात्याची टोकं वगैरे घ्यायचीच नाहीत, ती आपला टार्गेट बट, म्हणजे बाण रुतायचा जाड फळा, पण फाडून ठेवतात.

आता मुद्द्याचं. पाउंड. धनुष्य पूर्ण ओढून धरायला जेवढं वजन लागतं ते पाउंडात मोजतात आणि लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पात्यांवर, लिहिलेलं असतं, पण तो आकडा २८ इंच ओढीचा असतो. ओढ म्हणजे पूर्ण ओढल्यावर दोरी धनुष्यापासून किती लांब येते ते. तुमची ओढ २६ असेल तर २४ पाउंडचं लिम्ब तुमच्या हातात साधारण २० च पडतं, कारण इंचामागे अंदाजे दोन पाउंड कमी-जास्त होतात. ओढ किती हे काढायला भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरा, मधल्या बोटापासून मधल्या बोटापर्यंत इंचात मोजा आणि अडीचने भागा. ६५ आलं तर ओढ २६. अगदी तंतोतंत नाही पण खरेदीला पुरतं. २६ पर्यंत ओढ असेल तर ६६ इंची धनुष्य, २६ ते २८ ला ६८, त्याच्यावर ७०.

मी सुरुवात केली तेव्हा हे कुणी सांगितलं नाही, दुकानात माझी उंची बघून ३४ पाउंडचे लिम्ब दिले, म्हणाले मोठ्या माणसाला एवढे लागतातच. मी ते ओढत होते, ओढलं जात होतं म्हणजे जमतंय असं वाटायचं. प्रत्यक्षात काय होत होतं तर खांदा कानापर्यंत वर चढायचा, कंबर मागे जायची, आणि हनुवटीला दोरी लागायच्या आधीच बोटं सुटायची. चार महिन्यांत उजवा खांदा असा धरला की केस बांधायला हात वर जाईना, मग दोन महिने फिजिओथेरपी. परत आले तेव्हा एका ज्येष्ठ खेळाडूने स्वतःचे जुने २० पाउंडचे लिम्ब काढून दिले आणि खरं शिक्षण तिथून सुरू झालं. म्हणून कळकळीने सांगते, मोठ्या बाईमाणसाला १८ ते २२, धट्ट्याकट्ट्या पुरुषाला २२ ते २६, लहान मुलांना १२ ते १६, सुरुवातीला याच्या वर जाऊ नका, कुणी कितीही हसू दे. लिम्ब बदलता येतात, रायझर म्हणजे हातात धरायचा मधला भाग तोच राहतो, म्हणून पैसे रायझरवर घाला आणि पहिले लिम्ब साधे लाकूड-फायबरचे घ्या किंवा चक्क कुणाकडून जुने घ्या.

खरेदीच्या आधी डोळा तपासायचा राहतोच लोकांचा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटं त्रिकोणी भोक करा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना घड्याळ भोकातच राहतं तो तुमचा मुख्य डोळा. उजवा असेल तर उजव्या हाताचं धनुष्य, म्हणजे दोरी उजव्या हाताने ओढायची. डावखुरा माणूस आणि उजवा डोळा असं पण असतं, तिथे मी डोळ्याचं ऐकते.

बाण. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. बाण सुटताना सरळ जात नाही, तो माशासारखा वळवळत रायझरला वळसा घालून निघतो, स्लो मोशनमध्ये बघा एकदा. ती वळवळ बरोबर व्हायला बाणाचा कडकपणा तुमच्या पाउंडला जुळायला पाहिजे, त्याला स्पाइन म्हणतात. आकडा जितका मोठा तितका बाण मऊ. हलक्या धनुष्याला १००० किंवा त्याच्याही वरचा लागतो, ५०० चा बाण दिला तर तो काठीसारखा एका बाजूलाच जात राहणार आणि तुम्ही स्वतःला दोष देत बसणार. सुरुवातीला बाण ओढीपेक्षा दीड-दोन इंच लांब ठेवा म्हणजे जास्त ओढलं गेलं तरी टोक हाताच्या मागे येणार नाही. अ‍ॅल्युमिनियमचे सहा-आठ बाण पुरे आहेत, वाकले की दिसतं तरी. कार्बन घेतलात तर प्रत्येक वेळी मारायच्या आधी दोन्ही टोकं धरून हलकेच वाकवून कानाशी न्या, कट्ट असा बारीक आवाज आला तर तो बाण मोडून फेकून द्या, कारण तडकलेला कार्बन सुटताना फुटला तर त्याच्या कुसळासारख्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

बाकी सामान पटकन सांगते. फिंगर टॅब, म्हणजे दोरी ओढणाऱ्या बोटांवरचं चामडं, लागतोच, आर्मगार्ड लागतोच, चेस्टगार्ड घ्या, लांब केस बांधा, गळ्यातली चेन आणि ओढणी काढून ठेवा. स्टॅबिलायझर म्हणजे तोल राखायची लांब दांडी, क्लिकर म्हणजे ओढ पूर्ण झाली की टिक् वाजणारी पट्टी, हे दोन्ही पहिले सहा महिने नको.

दोरी चढवायला स्ट्रिंगर, म्हणजे दोन्ही टोकांना अडकवायची वेगळी दोरी, वापरा, पायात अडकवून गुडघ्यावर वाकवायची सवय लावून घेऊ नका, लिम्ब पिळला जातो आणि मग सरळ होत नाही. चढवल्यावर दोरीपासून ग्रिपच्या खोलगट भागापर्यंतचं अंतर मोजा, ते ब्रेसहाइट. ६८ इंची धनुष्याला साधारण साडेआठ ते नऊ इंच. कमी असेल तर दोरी काढून तिला पीळ वाढवा, जास्त असेल तर पीळ सोडा, आणि जिथे सुटल्याचा आवाज सगळ्यात मऊ येतो तो आकडा वहीत लिहून ठेवा.

आता मारायचं कसं. पाय खांद्याएवढे फाकवून रेषेच्या दोन्ही बाजूंना, वजन किंचित चवड्यांवर. ग्रिप मुठीत आवळायची नाही, अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा आहे त्याच्यावर धनुष्य टेकवायचं आणि बोटं सैल, धनुष्य पडेल ही भीती वाटते म्हणून बोटाला बांधायची दोरी, फिंगर स्लिंग, पहिल्या दिवसापासून वापरा. धनुष्याच्या हाताचं कोपर थोडं बाहेर फिरवा, नाहीतर दोरी सालटं काढते.

ओढणारा हात मात्र नीट बघा कारण सगळा खेळ तिथे आहे. भरलेली बादली आपण कशी उचलतो? मूठ आवळत नाही, बोटांचा आकडा करतो आणि मनगट सैल सोडतो. अगदी तसंच. एक बोट बाणाच्या वर, दोन खाली, दोरी पहिल्या पेराच्या वळीत, हाताची मागची बाजू सपाट. बाणाला बोटांनी चिमटा नको, चिमटा बसला की बाण रेस्टवरून, म्हणजे बाण टेकवायच्या आधारावरून, घरंगळतो. ओढताना दंडाने ओढू नका, कोपर मागे न्या, पाठीची दोन्ही पाती एकमेकांकडे सरकल्यासारखी वाटली पाहिजेत. हात जबड्याच्या हाडाखाली येऊन बसतो, दोरी हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला लागते. याला अँकर म्हणतात आणि तो रोज, प्रत्येक बाणाला तिथेच आला पाहिजे. अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर लांबच्या टार्गेटवर बाण कुठच्या कुठे जातो.

मग सोडायचं. बोटं उघडायची नाहीत, हे शंभर वेळा सांगेन. उघडायला गेलं की बोटं दोरीला बाजूला ढकलतात. पाठ मागे ओढत राहायची आणि बोटांचा आकडा नुसता ढिला सोडायचा, दोरी आपली आपण निसटते आणि हात गालाला घासत कानामागे जातो. हात तिथे गेला का हे मित्राला मोबाईलवर शूट करायला सांगा. हात जागच्या जागी थांबला किंवा बाहेर फेकला गेला तर पाठ काम करत नाहीये. बाण बटात लागल्याचा आवाज येईपर्यंत धनुष्य खाली आणू नका.

पहिले पंधरा दिवस ५ मीटरवरून, समोर फेस, म्हणजे रंगीत वर्तुळांचा कागद, न लावता. कोऱ्या बटावर, जमल्यास डोळे मिटून, अर्थात बाजूला कुणीतरी उभं पाहिजे. फेस लावला की मन मधल्या पिवळ्यात जातं आणि अंग विसरतं. घरी सायकलची जुनी ट्यूब कापून तिची लूप करा आणि तिच्यावर रोज तीसेक वेळा ओढून धरायचा सराव करा. खरं धनुष्य मात्र बाणाशिवाय कधीही सोडायचं नाही, बाणात जाणारी सगळी ताकद लिम्बमध्ये परत येते आणि लिम्ब फुटतो.

मग १० मीटर, मग १८. आणि इथे दहा गुण किती वेळा लागले ते मोजू नका, ग्रुप बघा, म्हणजे बाण किती जवळजवळ बसतायत ते. सहा बाण एका ताटात मावतायत का, मग बशीत मावतायत का. ७० मीटरवरचं दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं असतं, म्हणजे बशीहून जरा लहानच. सहाच्या सहा बाण डावीकडे खाली पण एकत्र बसले असतील तर आनंद माना, ते साईटने, म्हणजे धनुष्यावरच्या नेम धरायच्या खुणेने, दुरुस्त होतं. साईट बाण जिथे जातायत तिकडे हलवायची, बाण खाली तर साईट खाली, बाण डावीकडे तर साईट डावीकडे. एका बाणावरून कधी हलवू नका.

ग्रुप जमायला लागला की दोन बाणांची पिसं काढून ते १८ मीटरवरून बाकीच्यांबरोबर मारा. उजव्या हाताने मारणाऱ्याचा बिनपिसाचा बाण ग्रुपच्या डावीकडे गेला तर स्पाइन कडक आहे, बटणाची, म्हणजे बाणाला बाजूने टेकणाऱ्या खुंटीची, स्प्रिंग थोडी ढिली करा किंवा टोक जड लावा. उजवीकडे गेला तर मऊ आहे, उलटं करा. ग्रुपच्या खाली गेला तर नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण अडकवायची खूण, जरा खाली घ्या, वर गेला तर वर. ग्रुप नसताना हे करायला गेलात तर नुसता गोंधळ होईल, रोज वेगळं उत्तर येईल.

ग्राउंडवरचे नियम सगळीकडे सारखे. दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे मारा, तीन म्हणजे बाण काढायला जा, तिसरी शिट्टी ऐकल्याशिवाय रेषेच्या पुढे पाय नाही, मग बाण पायाशी पडलेला का असेना. बाण काढताना एक हात बटावर दाबून दुसऱ्या हाताने बाण बटाजवळ धरून पिळत सरळ मागे ओढायचा आणि आधी मागे वळून बघायचं, कारण मागचं टोक डोळ्याच्या उंचीला येतं. सोसायटीच्या गच्चीवर, पार्किंगमध्ये अजिबात नको, २० पाउंडचा बाण पण चुकला तर शंभर मीटरच्या वर जातो.

दोरीला आठवड्याला मेण लावा, बोटाने चोळून गरम करून जिरवा. मे महिन्यात बंद गाडीत धनुष्य ठेवू नका, लिम्बचे थर सुटतात. पावसाळ्यात घरी आल्यावर सगळं पुसून बॅग उघडी ठेवा.

पाउंड वाढवायचा कधी, हा पुढचा प्रश्न. एका दिवसात शंभर-सव्वाशे बाण मारून झाल्यावर शेवटचे सहा बाण पहिल्या सहांसारखेच बसतायत का आणि दुसऱ्या दिवशी खांदा दुखतोय का, एवढं बघायचं. दुखत नसेल आणि बसत असतील तर दोन पाउंड वाढवा, जास्त नाही. हल्लीच्या बऱ्याच रायझरला लिम्बचे बोल्ट फिरवून साधारण दहा टक्के पाउंड मिळतात, दोन्ही बोल्ट सारखेच आणि दोरी उतरवून फिरवा, पूर्ण बाहेर कधी काढू नका. फिरवलं की ब्रेसहाइट परत मोजा, साईटचे सगळे आकडे नव्याने घ्या आणि वहीत तारखेसकट लिहा.