बारा बोरची बंदूक घरात नेण्याआधी एवढं कराच

रावेर-यावलकडं केळीच्या राखणीला ज्यांच्याकडं लायसनची दुनळी बारा बोर आहे त्यांनी भाऊ मळ्यातून येताना बांधावरच ती उघडायची, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकायची आणि नळ्यांत मागच्या बाजूनं बोट घालून चाचपायचं, कारण अंधारात डोळा फसतो पण बोट फसत नाही. सेफ्टी, म्हणजे बार अडवणारी कळ, लावलीय म्हणून विसंबू नका, ती बिघडू शकते. रिकामी असली तरी नळी माणसाकडं नको. काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि चावी खुंटीवर नाही हां, पोरं सगळं बघत असतात. वरातीत हवेत बार तर अजिबातच नको, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार असा कुणाचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर गेलेली गोळी कुठंतरी खाली येतेच.