प्रायसिंग पेज आणि ऑनबोर्डिंग: या चुका टाळा

ॲपचे डाउनलोड होतात, प्रायसिंग पेज (प्लॅन आणि किमती दाखवणारं पान) उघडलं जातं, पण पैसे कुणी भरत नाही. अशा वेळी टीमचं लक्ष आधी किमतीकडे जातं आणि सवलती सुरू होतात. किमतीला हात लावण्याआधी दोन गोष्टी तपासा. समोरच्याला किंमत नीट कळली का? आणि पैसे द्यावेसे वाटावेत असं काही त्याच्या हाती पडलं होतं का? बहुतेक गडबड इथेच असते.

पहिली चूक म्हणजे एकमेकांत गुंतलेले प्लॅन. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांचा २००० सालचा जॅमचा प्रयोग सगळे सांगतात: दुकानातल्या टेबलावर जॅमचे २४ प्रकार असताना थांबलेल्यांपैकी ३ टक्के लोकांनी खरेदी केली, ६ प्रकार असताना ३० टक्के. पुढच्या अनेक प्रयोगांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. म्हणून ‘प्लॅन तीनच हवेत’ हा नियम मी मानत नाही. दोन प्लॅनमधला फरक एका वाक्यात सांगता येतो का, ते बघा. ‘एकट्यासाठी’ आणि ‘टीमसाठी’ हे लगेच कळतं. ‘प्लस’, ‘प्रो’, ‘प्रो मॅक्स’ यांतून काहीच कळत नाही. टिकमार्कचा तीस ओळींचा तक्ता कुणी वाचत नाही. त्यापेक्षा मर्यादा लिहा. किती जण वापरू शकतात, किती नोंदी ठेवता येतात, आणि मर्यादा संपली की काय होतं: काम थांबतं, की जादा पैसे लागतात?

दुसरी चूक जास्त महागात पडते. मोठ्या अक्षरात ‘दरमहा ८०’, खाली फिकट राखाडी रंगात ‘वार्षिक बिलिंग’. माणूस ८० समजून पुढे जातो आणि खात्यातून एकदम ९६० जातात, कर वेगळाच. मग रिफंडची मागणी येते, एक स्टारचा रिव्ह्यू येतो, आणि त्यात त्याचं काहीच चुकलेलं नसतं. आज किती पैसे कापले जाणार तो आकडा बटणाच्या अगदी वर, ठसठशीत लिहा. मोफत चाचणी असेल तर ती कधी संपते, कार्ड लागतं का आणि रद्द कुठून करायचं, हेही तिथेच सांगा. ‘सुरू करा’ या बटणापेक्षा ‘१४ दिवस मोफत वापरा, कार्ड नको’ हे बटण माणसाच्या मनातली शंका तिथल्या तिथे मिटवतं. चाचणी संपण्याच्या दोन-तीन दिवस आधी आठवणीचा ईमेल पाठवा. त्याने काही लोक रद्द करतील, तर करू द्या. विसरल्यामुळे टिकलेला ग्राहक पुढे चिडूनच जातो.

प्रायसिंग पेज आणि ऑनबोर्डिंग (नव्या वापरकर्त्याची ॲपमधली पहिली पावलं) यांच्या सांध्यात एक चूक लपलेली असते. पेजवर ‘टीम प्लॅन’ निवडला, खातं उघडलं, आणि ॲप पुन्हा विचारतं, ‘कोणता प्लॅन हवा?’ निवड पुढे नेलीच नाही. तसंच ओटीपीचं. मेसेज बघायला माणूस ॲपबाहेर जातो, परत येतो तर फॉर्म कोरा. तिथून कितीतरी लोक कायमचे निघून जातात.

ऑनबोर्डिंगमध्ये सगळ्यात जास्त नुकसान घाई करते. आल्या आल्या नोटिफिकेशन, लोकेशन, कॉन्टॅक्ट्स अशा तिन्ही परवानग्या मागितल्या की माणूस न वाचता नकार देतो. आयफोनवर एकदा नकार मिळाला की ॲपला तीच सिस्टिम विंडो पुन्हा दाखवता येत नाही, वापरकर्त्याला सेटिंग्जमध्येच जावं लागतं. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनलाही परवानगी लागते, आणि दोनदा नकार दिला की तिथेही सहसा विंडो येत नाही. त्यामुळे विचारण्याची वेळ जपून निवडा. बिल बनवायचं ॲप असेल तर पहिलं बिल पाठवून झाल्यावर ‘पैसे जमा झाले की कळवू का?’ असं विचारा. त्या क्षणी ‘हो’ म्हणायला कारण असतं.

पाच स्क्रीनची ओळख-सफर काढून टाकली तरी चालते. तिच्याऐवजी एक नमुना बिल तयार ठेवा, नाव आणि रक्कम बदलली की पाठवता येईल असं. ‘अजून एकही बिल नाही’ एवढंच लिहिलेली रिकामी स्क्रीन नवख्याला अडवते. कंपनीचा आकार, हुद्दा, ‘आमच्याबद्दल कुठे ऐकलंत?’ हे प्रश्न नंतर विचारा.

नेमकं कुठे अडतंय हे शोधायला पाच आकडे पुरेत: पेज उघडलं, बटण दाबलं, खातं पूर्ण केलं, पहिलं काम केलं, दुसऱ्या दिवशी परत आले. पेज आणि बटण यांमध्ये गळती असेल तर मजकूर तपासा. बटण आणि खातं यांमध्ये असेल तर फॉर्म आणि ओटीपी. खातं झालं पण पहिलं काम झालं नाही, तर रिकामी स्क्रीन. काम झालं तरी परत आले नाहीत, तर ऑनबोर्डिंगला दोष देऊ नका; ॲपची गरजच रोजची नसेल किंवा त्या कामात दम नसेल.

आकडे जागा दाखवतात, कारण दाखवत नाहीत. त्यासाठी ॲप कधीच न पाहिलेल्या माणसाला पेज दाखवा, दहा सेकंदांनी फोन परत घ्या आणि विचारा, ‘आज किती पैसे जातील? नको असेल तर काय करशील?’ आणि प्रत्येक मोठ्या बदलानंतर टीममधल्या एकाने नव्या ईमेलवरून प्लॅन विकत घेऊन तो रद्दही करून पाहावा. रद्द करायला सपोर्टला लिहावं लागलं, तर ते आधी दुरुस्त करा.