पेन तपासलं का? मुलांना क्षमा शिकवायच्या दुपारची तयारी

गेल्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात, मी हा कार्यक्रम घरी केला आणि धाकट्याला रडवून झोपवलं. कारण एक पेन. म्हणून यादीत पहिलं तेच: ज्या पेनानं मुलं लिहिणार ते पेन, तोच कागद, तेच पाणी, आदल्या रात्री स्वतः करून बघा. उद्या बघू म्हणू नका. उद्या तुम्ही तांदूळ मोजत असाल.

झालं ते असं. खेळ अगदी साधा. आपल्या हातून झालेली एक चूक चिठ्ठीवर लिहायची, प्रार्थना करायची, चिठ्ठी परातीतल्या पाण्यात सोडायची. अक्षरं विरघळतात, कागद कोरा. बायबलात यशयाच्या पहिल्या अध्यायात, पापं लाखेसारखी लाल असली तरी बर्फासारखी पांढरी होतील असं वचन आहे, तेव्हा मला हौस लाल रंगाचीच. थोरल्यानं दप्तरातलं लाल स्केचपेन काढलं. धाकट्याला मी ड्रॉवरमधलं लाल बॉलपेन दिलं. थोरल्याचं ‘आईशी खोटं बोललो’ दोन मिनिटांत गुलाबी पाणी होऊन गेलं. धाकट्याचं ‘दादाची पट्टी मोडली’ जागचं हललं नाही. उलट कागद भिजल्यावर अक्षरं जास्तच उठून दिसायला लागली. बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्याला दाद देत नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही, सुचलं नाही. त्यानं बोटानं घासलं. कागद फाटला, अक्षरं राहिली. ‘दादाचं गेलं. माझं नाही गेलं.’ अरे बाळा, पेनाची चूक आहे, असं मी चारदा सांगितलं. सहा वर्षांचं पोर, त्यानं जे डोळ्यांनी बघितलं ते बघितलं. रात्री अकराला स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून गेले, तर हा कचऱ्याच्या डब्यापाशी ती ओली चिठ्ठी उलगडून उभा. गेलं का ते बघत होता.

तर पेन. मुलांचं धुता येणारं स्केचपेन चालतं. फाउंटन पेनची साधी निळी शाई चालते. जेलपेनचा भरवसा नाही, एक निघतं, दुसरं निघत नाही. पर्मनंट मार्कर घरात असेल तर त्या दिवशी कपाटाच्या वर. शिवाय स्केचपेन गेलं तरी कागदावर फिकट डाग राहतो आणि मुलांना तो दिसतो, म्हणून मी शेवटी कागदच सोडला. स्टीलच्या ताटलीवर स्केचपेननं लिहायचं आणि वरून तांब्यानं पाणी ओतायचं. पाटी-पेन्सिल असेल तर त्याहून बरं. तरीही तपासा. लिहा, दहा मिनिटं वाळू द्या, मग धुवा. ओलं असताना सगळंच निघतं आणि आपण फसतो. आणि सगळ्या मुलांना एकाच जातीचं पेन. एकाच.

परात, तांब्या, जुनं फडकं. कळतंच.

दिवस कोणता? झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदला शनिवार. त्या रविवारनंतरच्या पवित्र सप्ताहात करायला जाऊ नका, त्या आठवड्यात रोज उपासना, घरात पाहुणे, कोणाला वेळ नसतो. आदल्या शनिवारी केलं की गुड फ्रायडेला येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार वाचतात, तेव्हा पहिल्याच उद्गाराला, ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ला, मुलं मान वर करतात. पुढचे तीन तास ती काय करतात ते विचारू नका.

आता तांदूळ. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा. (४९०चा तक्ता करून भिंतीवर लावू नका. आमच्या थोरल्यानं केला होता आणि धाकट्याला ‘तुझे ४८३ राहिले’ म्हणून ऐकवत होता.) पुढे निर्दय चाकराचा दाखला आहे: राजा एका चाकराचं देणं सोडतो, तो मात्र त्याचं देणं लागणाऱ्या दुसऱ्या चाकराला सोडत नाही. हा हातांनी शिकवायचाच. एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, आपल्याकडे एक दाणा. दुसऱ्या चाकराचं देणं शंभर दीनार. मुलांकडून शंभर दाणे मोजून घ्या, अर्धा चमचाही भरत नाही. पहिल्या चाकराचं देणं दहा हजार तालांत, आणि एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. म्हणजे सहा कोटी दाणे. बारीक तांदूळ धरला तरी पाच-सहाशे किलो. हे तोंडानं सांगून काही होत नाही. मुलाला तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालू द्या आणि मग सांगा, असे पन्नास डबे राजानं सोडून दिले, आणि हा बाहेर जाऊन अर्ध्या चमच्यासाठी दुसऱ्याचा गळा धरतो. दुसऱ्या दिवशी प्रभूच्या प्रार्थनेत ‘ऋण’ आलं तेव्हा धाकटा माझ्या कानात म्हणाला, ‘तांदूळ.’ तांदूळ आधी निवडलेला असू द्या, नाहीतर मुलं खडे मोजतात आणि वाद घालतात.

चिठ्ठी, आता ताटली, आधी तुमची. आणि खरी लिहा. ‘मी कधी कधी रागावते’ असलं गुळमुळीत नको. मी लिहिलं, ‘बस चुकली त्या दिवशी मी तुला मूर्ख म्हणाले’, आणि मोठ्यानं वाचलं. थोरला खाली बघत म्हणाला, दोनदा म्हणाली होतीस. दोनदा लिहिलं. मुलांची मात्र कोणी वाचायची नाहीत, आजीनंही नाही. आजीला हे आधी बाजूला घेऊन सांगा, कारण तिला राहवत नाही. ज्याला लिहिता येत नाही तो चित्र काढेल. काय काढलंस, असं विचारू नका. (चित्रालाही तेच पेन, तपासलेलं. छोट्यांच्या हाती मेणाचे खडू देऊ नका, मेणाचा रंग पाण्यानं जन्मात निघत नाही.)

‘म्हण माफ केलं’ हे त्या दिवशी कोणी कोणाला म्हणायचं नाही. ज्याची पट्टी मोडली त्याचा राग जायला थोडा वेळ लागतो, तो त्याला द्या. जबरदस्तीनं काढून घेतलेल्या माफीचं उट्टं तासाभरात न्हाणीघरात निघतं. आणि एक गोष्ट स्पष्ट शब्दांत, हसतखेळत नाही: कोणी मोठ्या माणसानं मारलं, नको तिथे हात लावला, गुपित ठेव म्हणाला, तर क्षमा म्हणजे गप्प बसणं नव्हे. आधी आईला सांगायचं. हे विसरून बाकीचं सगळं केलंत तर न केलेलं बरं.

जक्कय, तो जकातदार. लूक एकोणीस. तो उंबरावर चढलेला मुलांना पाठच असतो, पण खाली उतरल्यावर चौपट परत देईन म्हणाला ते शिकवायचं राहून जातं. म्हणून भरपाई त्याच दिवशी: मोडकी पट्टी, चिकटपट्टी, किंवा गल्ल्यातले दहा रुपये आणि कोपऱ्यावरचं स्टेशनरीचं दुकान. दुकान दुपारी बंद असतं, वेळ बघून ठेवा. थोरल्यानं चार पट्ट्या मागितल्या. एकच दिली.

उधळ्या पुत्राचं, म्हणजे पैसे उधळून घरी परतलेल्या धाकट्या मुलाच्या दाखल्याचं, नाटक जमलं तर. अंगरखा म्हणून पप्पांचा कुडता, अंगठी, चपला. डुकरं करायला सगळे तयार असतात. वडील भाऊ थोरल्याला करायला लावू नका, तो मनाला लावून घेतो. ते काम पप्पांना द्या. धावत येणारा बाप धाकट्याला. मेजवानीला शेवयांची खीर, दूध सकाळीच आणून ठेवा.

गाणं एक. प्रार्थना छोटी. पाच वाजता संपवा, त्यापुढे मुलं ऐकत नाहीत आणि आपणही.

पेन तपासलं का?

ताटल्या धुऊन पुसून ठेवा. आणि कचऱ्याचा डबा मुलं झोपायच्या आधी रिकामा करा.