शेवगा लावताय? आधी पाण्याला वाट काढून द्या

रोहिण्या चालू आहेत. वळवाचा एखादा सडाका झाला की गावोगाव खड्डे घ्यायची घाई सुटते, आणि दरवर्षी या दिवसांत माझ्या पोटात गोळा येतो. खड्डा घेतला, शेणखत भरलं, रोप लावलं, श्रावणात शेवगा कमरेला लागला, आणि हत्तीच्या पावसात सगळा प्लॉट पिवळा. मराठवाड्याच्या काळ्या रानात हे मी इतक्या वेळा पाहिलंय की या वेळी पाऊस पडायच्या आधीच सांगतो. शेवगा रोगानं कमी मरतो, उभ्या पाण्यानं जास्त मरतो.

कारण साधं आहे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पण दोन मोठे पाऊस झाले की फुगते आणि भेगा मिटतात. मग वरचं पाणी खाली उतरत नाही. अशा घट्ट रानात तुम्ही दीड फुटाचा खड्डा घेता आणि त्यात भुसभुशीत माती-खत भरता. आजूबाजूचं सगळं पाणी मऊ जागा शोधत त्यातच येऊन बसतं. तो खड्डा राहत नाही, घागर होते, आणि त्या घागरीत आपण रोप बुडवून ठेवतो. ट्रॅक्टरच्या ड्रिलनं ओलीत खड्डे घेतले असतील तर आणखी वाईट, कारण फिरत्या पात्यानं भिंत सारवल्यासारखी चोपडी होते आणि पाणी आडवंही मुरत नाही. ड्रिल लावलंच असेल तर प्रत्येक खड्ड्याच्या भिंती कुदळीनं ओरबाडून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, तरी कराच.

आपल्याकडे पाणी बाहेर काढायला हात धजत नाही, हे मला कळतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ते दिवस ज्यांनी काढले, त्यांना शेतातलं पाणी ओढ्याला सोडा म्हणणं म्हणजे ताटातला घास काढून टाका म्हणण्यासारखं आहे. पण २०२१ च्या सप्टेंबरअखेर मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले तेही आपणच पाहिलं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूर, नांदेडची रानं पाण्याखाली गेली तीही आपलीच. पाऊस आता जूनमध्ये ओढ देतो आणि सप्टेंबरात एकदम कोसळतो. झाड लावताना दोन्हीचा विचार करावा लागेल.

२०२१ च्या त्याच पावसानंतर केज तालुक्यातल्या एका भावानं मला बोलावलं. दीड एकर शेवगा, छातीला लागलेला. खालची पानं पिवळी पडून गळत होती, शेंडे मान टाकून होते. त्यानं झाड तहानलंय समजून वरून ठिबकही चालू केलं होतं. मी एक झाड हलवून उपटलं. मुळाची साल मोज्यासारखी सुटून चिमटीत आली, आत नुसती पांढरी काडी, आणि वास गटारीचा. दुकानदारानं त्याला आधीच ह्युमिक (मुळं वाढवायचं द्रावण), एक भारी बुरशीनाशक आणि फुलोऱ्याचं टॉनिक दिलं होतं. फुलोरा! ज्या मुळाला श्वास घ्यायला जागा नाही त्याला टॉनिक पाजून काय होणार? बांधाकडच्या दोन ओळी मात्र हिरव्यागार उभ्या होत्या. त्यांना औषध दिलेलंच नव्हतं. तिथं मागं कधीतरी विहिरीचा मुरूम पसरला होता, त्यामुळं जमीन वीतभर उंच होती. फरक फक्त तेवढाच.

म्हणून या आठवड्यात एक परीक्षा करा. जिथं लावायचंय तिथं हातभर खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी सकाळी तसंच दिसलं तर त्या जागी खड्डा पद्धत विसरा. तिथं गादी करा. तीन फूट रुंद, फूट-सव्वा फूट उंच, उताराच्या दिशेनं, आणि गादीच्या शेजारी चर. सोयाबीनला बीबीएफ (रुंद गादी आणि शेजारी सरी) करतो तेच शहाणपण, फक्त गादी जास्त उंच. चराला तोंड हवं. शेताबाहेर न निघणारा चर म्हणजे लांबट डबकं. काढलेलं पाणी वाया जाईल असं वाटत असेल तर चर शेततळ्यात किंवा विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. पाणी शेतात राहू द्या, मुळाशी नको.

जिथं पाणी रात्रीत जिरतं तिथं खड्डा चालेल, पण भरताना जमिनीच्या वर वीतभर उंचवटा ठेवा. भरलेली माती पहिल्या दोन पावसांत खाली बसते. सपाट भरलेला खड्डा ऑगस्टात बशी झालेला असतो.

माझा एक अंदाज सांगतो, याला कुठल्या पुस्तकाचा आधार नाही. ज्या पट्ट्यात लव्हाळा माजतो आणि पाऊस उघडल्यावर तिसऱ्या दिवशीही पाय रुततो, तिथं मी शेवगा लावत नाही. तिथं शेवरी किंवा हादगा लावतो. ही दोन्ही झाडं पाय ओले राहिले तरी तग धरतात. पानमळेवाले वेलीला आधार म्हणून शेवरी, हादगा लावत आले ते उगाच नाही. शेळ्यांना पाला होतो, हादग्याच्या फुलांची भाजी होते.

परसबागेतल्या ताई-मावशींसाठीही हेच. न्हाणीच्या पाण्यावर केळ येते, अळू येतं. शेवगा त्या चरापासून चार हात लांब, उंचवट्यावर लावा. कुंपणाला शतावरी चढवायची असेल तर तिलाही ओलावा हवा, पण तिच्या गाठोड्यासारख्या मुळ्या साचलेल्या पाण्यात सडतात. ओलावा म्हणजे चिखल नव्हे. मूठभर माती दाबा. तळव्याला पाणी सुटलं तर थांबा. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे, लावा.

रोपांची कामं, थोडक्यात:

- बी गेल्या हंगामातलंच, घरच्या किंवा ओळखीच्या झाडावर पूर्ण वाळलेल्या शेंगांचं
- शेवगा बी शिफारस हेक्टरी ५०० ग्रॅम. तूट धरून मी एकरी पाव किलो घेतो
- रात्रभर पाण्यात भिजवणं, सावलीत सुकवणं
- ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) किलो बियाला ४ ग्रॅम चोळणं
- पिशवीत दोन भाग पोयटा, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. पिशवीच्या तळाला भोकं
- बी अडीच सेंटिमीटर खोल, एका पिशवीत दोन
- शेवगा ८ ते १० दिवसांत उगवतो
- शतावरी तीन आठवडे ते महिना घेते, तोवर पिशव्या फेकू नका
- शेवग्याचं महिन्या-सव्वा महिन्याचं रोप रानात
- अंतर २.५ × २.५ मीटर, भारी काळ्या रानात दोन ओळींमध्ये ३ मीटर, म्हणजे चराला जागा राहते
- झाड ७५ सेंटिमीटरचं झालं की शेंडा खुडणं

पिशवीच्या भोकांवर थोडं थांबतो. रोपवाटिकेतसुद्धा मर होते ती इथंच. पिशव्या सपाट काळ्या जमिनीवर मांडल्या की पावसानं तळ चिखलात बसतो आणि भोकं बुजतात. खाली वाळूचा किंवा मुरमाचा चार बोटं थर द्या. रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडू लागली तर आधी पाणी बंद करा, मग कॉपर ऑक्सिक्लोराईड १० लिटरला २५ ते ३० ग्रॅम घेऊन बुडाशी ओता. ट्रायकोडर्मा त्याच्यासोबत देऊ नका, तांब्यानं ती जिवंत बुरशीच मरते. दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. यापलीकडं काही विकत आणायची गरज मला तरी कधी पडली नाही.

बियाण्यातही फसू नका. सरळ वाणाचं (हायब्रीड नसलेलं) पीकेएम-१ चांगलं आहे, ते कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाचं. आपल्या दापोली विद्यापीठाचा कोकण रुचिरा आहे. ‘हायब्रीड शेवगा, सहा महिन्यांत लाखाचं उत्पन्न’ अशी पत्रकं घेऊन कोणी दारात आलं तर चहा पाजा आणि वाटेला लावा. शतावरीच्या करारात तर मी माणसं रडताना पाहिली आहेत. रोप त्यांच्याकडून महाग घ्यायचं, मुळ्या तेच विकत घेणार असा कागद, आणि मुळ्या निघायच्या वेळी फोन बंद. बी स्वस्त आहे, रोप घरी करा.

खताची शिफारस झाडामागं तीन महिन्यांनी ४५ ग्रॅम नत्र, १५ ग्रॅम स्फुरद, ३० ग्रॅम पालाश. म्हणजे साधारण १०० ग्रॅम युरिया, ९५ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, ५० ग्रॅम पोटॅश. जूनअखेर लावलेल्याचे तीन महिने नेमके सप्टेंबरअखेर भरतात, म्हणून तारीख धरून बसू नका. बुडाशी पाणी असेल तर खत देऊ नका, वाफसा येऊ द्या. अळी दिसली तर ५ टक्के निंबोळी अर्क. खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात, ते पहाटे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात बुडवा.

चर आत्ता, जमीन कोरडी असताना घ्या. मृगात ट्रॅक्टर रानात शिरणार नाही आणि सप्टेंबरात मजूर मिळणार नाही. चर घेतला म्हणजे काम संपलं असंही नाही. सोयाबीनची काढणी हत्तीच्या तोंडावरच येते, आणि काड्या वाहत येऊन चराच्या तोंडाशीच अडकतात. मोठा पाऊस लागला की बॅटरी आणि फावडं घेऊन रात्रीच एक फेरी मारा. काड्या ओढून काढल्या आणि पाणी खळखळत पुढं निघालं की मगच घरी या.